मागची प्रत

परीक्षेत नक्कल करू नये, हे तुम्हांला लहानपणापासून सांगितलेले आहे. पण तलाठ्याच्या कार्यालयात जाऊन पाहा. तिथे लोक सात-बाराची नक्कल मागायला उभे असतात आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. उर्दूतली 'नकल' आणि मराठीतली 'नक्कल' हे एकाच घरचे शब्द आहेत. दोन्ही भाषांत त्यांना चांगला अर्थ आहे आणि वाईटही.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या पाड्यांवर कागदाची किंमत माणसे ओळखून आहेत. वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा करायचा, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ती जमीन आपल्या ताब्यात होती, हे आदिवासी कुटुंबाला दाखवावे लागते. म्हणून दंडाची एखादी जुनी पावतीसुद्धा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेली असते. आता असे दावे, अर्ज, तक्रारी संगणकावर लिहिल्या जातात. घरातले शिकलेले मूल ते काम करते. उद्या ते काम तुमच्याकडे येईल.

आणि इथेच माझी तक्रार आहे. शाळेत आपण मुलांना अक्षर मोठे कसे करावे, शीर्षकाला रंग कसा द्यावा, हे शिकवतो. लिहिलेले गेले तर परत कसे मिळवावे, हे मात्र शिकवत नाही. माझ्या मते संगणकाच्या तासाला हा धडा सर्वांत आधी यायला हवा.

लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन सोयी असतात. पुष्कळ लोक त्या दोन्ही एकच समजतात. पहिली सोय वीज गेल्यावर उपयोगी पडते. आपण लिहीत असताना संगणक ठरावीक वेळाने, बहुधा दर दहा मिनिटांनी, आपला मजकूर गुपचूप बाजूला ठेवतो. संगणक अचानक बंद पडला, तर पुढच्या वेळी तो तेवढा मजकूर आपल्यापुढे आणतो. डहाणूच्या औष्णिक केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरांना उजेड देते, आणि आमच्याकडे पहिल्या पावसात दिवे जातात. तेव्हा ही सोय इथे किती कामाची आहे, हे वेगळे सांगायला नको. पण फाईल आपण नीट बंद केली, की हा तात्पुरता साठा पुसला जातो.

दुसरी सोय म्हणजे मागची प्रत, म्हणजेच बॅकअप कॉपी. तुम्ही जेव्हा 'सेव्ह' करता, तेव्हा नवा मजकूर फाईलमध्ये जातो आणि त्याच्या आधी सेव्ह केलेली फाईल वेगळी ठेवली जाते. लिब्रे ऑफिसच्या रायटरमध्ये तिच्या नावाच्या शेवटी 'बीएके' अशी अक्षरे असतात, तर वर्डमध्ये 'डब्ल्यूबीके'. अनेक संगणकांवर ही सोय बंद असते. ऑप्शन्समध्ये जाऊन ती एकदा चालू करावी लागते. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

मात्र ही मागची प्रत एकच असते. पुन्हा सेव्ह केले, की तिच्या जागी नवी मागची प्रत येते. मला हे पुस्तकातून कळले नाही, नुकसान झाल्यावर कळले.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या परिसरात लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. आमच्या शाळेतल्या मुलांनी आपले अनुभव लिहिले. वार्षिक अंकासाठी मी ते संगणकावर उतरवून घेतले. एका संध्याकाळी पाने मागेपुढे करताना माझ्या हातून सात पाने पुसली गेली. ते माझ्या लक्षात आले नाही. मी सेव्ह करून फाईल बंद केली. त्या क्षणी मागच्या प्रतीत सातही पाने शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मी फाईल उघडली, एक शीर्षक बदलले आणि पुन्हा सेव्ह केले. झाले! मागची प्रतही अपुरी झाली. संगणकाने आपले काम चोख केले होते.

म्हणून फाईलमध्ये काही कमी दिसले, तर आधी हात थांबवावा. घाबरून पुन्हा पुन्हा सेव्ह करू नये. मागची प्रत शोधून तिला वेगळे नाव द्यावे आणि मगच पुढे जावे.

माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, "हाताने वहीत लिहा, म्हणजे ही कटकटच नको." पण वहीला वाळवी लागते, वही पावसात भिजते. वहीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की तिच्यातले पान गेल्यावर फाटलेली कड तरी दिसते!

आणखी एक गोष्ट. संगणक आपोआप ठेवतो ती प्रत बहुधा त्याच संगणकात असते. घराची भिंत पडली, तर दोन्ही एकदमच जाणार. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. राज्याचा कारभार जिथून चालतो, तिथे असे होऊ शकते, तर आपली काय कथा? महत्त्वाच्या फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या घरी ठेवावी. इंटरनेटवर ठेवली तर आणखी बरे. तिथल्या काही सोयींमध्ये एकच नव्हे, तर मागची अनेक रूपे जपली जातात.

त्या सात पानांपैकी काही मुलांच्या वह्यांत सापडली. एका मुलीची वही रद्दीत गेली होती. तिने तंबूतल्या रात्रीचे वर्णन पुन्हा लिहून दिले, आणि ते चांगलेही उतरले. पण पहिल्या लेखात जमीन हलत असताना तिची आजी काय बोलली होती, ते तिने लिहिले होते. ते शब्द तिला आठवेनात. मलाही आठवले नाहीत.