हरितगृहातील फुले आणि बाजाराची अनिश्चितता

प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घालण्याचे सूतोवाच महाराष्ट्राच्या फलोत्पादन मंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात केले आणि हरितगृहातील फूलशेतीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या ठरावीक वस्तूंवर बंदी घातली. तथापि त्या यादीत कृत्रिम फुलांचा समावेश नव्हता. फूल उत्पादकांनी या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली आहे.

पुणे जिल्ह्यातील मावळपासून तमिळनाडूतील होसूरपर्यंत हरितगृहांचा विस्तार झाला, त्यामागे सरकारी अनुदानाचा वाटा मोठा आहे. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फलोद्यान अभियानानंतर अल्पभूधारकही या शेतीकडे वळले. दहा गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे १ हजार चौरस मीटरचे हरितगृह उभारण्यास लाखो रुपये लागतात. मान्य खर्चाच्या निम्मे अनुदान मिळाले, तरी उर्वरित रकमेसाठी बहुधा बँकेचे कर्ज काढावे लागते.

कर्जाचे हप्ते ठरलेले असतात, फुलांचे भाव मात्र ठरलेले नसतात. जरबेराला लागवडीनंतर सुमारे तीन महिन्यांत फुले येऊ लागतात आणि पुढे दोन-अडीच वर्षे तोडणी सुरूच राहते. मागणी मात्र गणेशोत्सव, दसरा-दिवाळी आणि लग्नसराईभोवती एकवटलेली असते. पितृपंधरवड्यात किंवा मुहूर्त नसलेल्या महिन्यांत भाव कोसळतात. गुलाबाची छाटणी वेळ साधून केल्यास १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन दिनासाठी माल निर्यात करता येतो. जरबेरा उत्पादकाला अशी सवड नसते. २०२० च्या टाळेबंदीत मंदिरे व विवाहसोहळे बंद झाले, तेव्हा तोडलेली फुले उकिरड्यावर टाकण्याची वेळ आली होती.

कृत्रिम फुलांचा फटका नेमका येथेच बसतो. सजावटीत एकदा आणलेले प्लास्टिकचे फूल अनेक समारंभांना पुरते. त्यामुळे ज्या चार-पाच महिन्यांच्या कमाईवर वर्षाचे हप्ते फेडायचे, त्याच महिन्यांतील मागणी घटते.

तेव्हा बंदी झाल्यास दिलासा निश्चितच मिळेल. परंतु बंदीने मंदीच्या दिवसांतील फुलांना गिऱ्हाईक मिळणार नाही. त्यासाठी तोडणीनंतरची व्यवस्था हवी: गावपातळीवर शीतगृह, शीतवाहनांची सोय आणि बंगळूरच्या धर्तीवर खुला लिलाव. अनुदानाचा भर आजवर प्रामुख्याने उभारणीवर राहिला. तो विक्रीव्यवस्थेकडेही वळला, तरच दहा गुंठ्यांचा हा व्यवसाय लहान शेतकऱ्याच्या हाती टिकेल.