थोर ग्रंथ आणि खोटी साक्ष

थोर म्हणून मान्यता पावलेला ग्रंथ आपल्याला आवडला नाही, असे उघडपणे म्हणण्याची आपल्या समाजात चोरी झाली आहे. फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ कंटाळवाणे वाटते, असे एखाद्या तरुणाने चारचौघांत म्हणून पाहावे! त्याने किती वाचले याची चौकशी राहते बाजूला. त्याच्या श्रद्धेची आणि संस्कारांची चौकशी सुरू होते. या वृत्तीचा मी निषेध करतो.

ख्रिस्तसभेने वर्ज्य ग्रंथांची सूची शतकानुशतके चालविली. १९६६ साली तिचे बंधन संपुष्टात आले. परंतु आवडलेच पाहिजेत अशा काव्यांची सूची ख्रिस्तसभेने कधीही केली नाही. ती आपणच करून भाविकांच्या माथी मारली आहे.

संत ऑगस्टीन यांच्याकडे पाहावे. बिशप झाल्यावर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात ते सांगतात की, परक्या भाषेच्या कष्टांमुळे शाळकरी वयात त्यांना होमर कडू लागला. एवढेच नव्हे, तर तरुणपणी सिसेरोच्या भारदस्त शैलीपुढे खुद्द पवित्र शास्त्राची भाषाही त्यांना हलकी वाटली. त्या नावडीच्या मुळाशी आपला गर्व होता, हेही ते पुढे नमूद करतात. पण नावड दडपून ठेवली असती, तर तिचे मूळ त्यांना सापडले असते काय?

नावडीचे मोल मात्र वाचूनच चुकवावे लागते. टॉलस्टॉय यांनी शेक्सपिअरचे मोठेपण नाकारले. त्यांचा तो निबंध १९०६ साली प्रसिद्ध झाला. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी शेक्सपिअरची नाटके पुन्हा वाचून काढली. त्यांचे मत आपल्याला पटो वा न पटो, त्यांनी शेक्सपिअरला दिलेला वेळ त्याचे किती स्तुतिपाठक देतात?

आता ‘ख्रिस्तपुराणा’कडे वळू. १६१६ साली प्रथम छापल्या गेलेल्या या काव्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यांतल्या मराठीचे गुणगान करणाऱ्या चार-पाचच ठाऊक असतात. तेवढ्या भांडवलावर आपण भाषणे ठोकतो. फादर स्टीफन्स यांनी मात्र हे काव्य रचले ते नवख्रिस्ती लोकांना तारणाची कथा त्यांच्याच भाषेत, त्यांना परिचित असलेल्या पुराणाच्या घाटात ऐकता यावी म्हणून. एका इंग्रज जेजुइट धर्मगुरूने लोकांना समजावे यासाठी परकी भाषा आत्मसात केली, आणि आज चारशे वर्षांपूर्वीची ती भाषा ज्याला जड जाते, त्यालाच आपण दटावतो! समजण्यासाठी लिहिलेला ग्रंथ न समजता पूजण्याची सक्ती करणे, हा कवीचा गौरव नव्हे.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. न वाचलेल्या ग्रंथाची तोंडभर स्तुती ही खोटी साक्ष नाही तर काय?

म्हणून, ‘ख्रिस्तपुराण’ आवडले नाही असे कोणी म्हणाल्यास त्याला एवढेच विचारावे, “कुठवर वाचलेस? कुठे अडलास?” आणि त्या जागेपासून त्याच्यासोबत पुढे वाचावे. तरीही त्याला आवडले नाही, तर त्याचे मत ऐकून घ्यावे. मात्र हेच प्रश्न, तितक्याच कसोशीने, व्यासपीठावरून या ग्रंथाची थोरवी गाणाऱ्यांनाही विचारावेत. त्यांत आम्हा धर्मगुरूंना सूट नको.