निरोप पुढं जाईल असा लिहा

आंब्याच्या दिवसांत पुण्याच्या मंडईभोवतीचे विक्रेते पेटी बांधून देता देता गिऱ्हाइकाला एक काम सांगतात. "काका, तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका ना जरा!" टाकायला कोणाचीच ना नसते. पण टाकायचं काय? बहुतेक वेळा येतं ते एक भडक चित्र. वर गणपती, मध्ये हापूस, कोपऱ्यात मालकाचा हसरा फोटो आणि तळाशी भिंग लावून वाचावा असा फोन नंबर. तो चित्रातच छापलेला असल्यानं त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. चष्मा शोधा, नंबर कागदावर उतरवा, मग एकेक आकडा दाबा. एवढे कष्ट एखादी आजी आंब्यासाठी घेईलही, पण ती ते चित्र पुढं बहिणीला पाठवणार नाही. आणि धंदा वाढतो तो बहिणीमुळे.

याउलट एखादा विक्रेता साध्या अक्षरांत चार ओळी लिहितो. माल कुठला, डझनाचा भाव, मंडईत नेमका कुठे बसतो, नंबर. बस. हा मजकूर अर्ध्या मिनिटात तीन ग्रुपवर जातो, कारण पाठवणाऱ्याला त्यात काही जोडावं लागत नाही आणि वाचणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. "आपल्या नेहमीच्या ठिकाणी या" असं लिहिणाऱ्यानं एक विसरू नये : तिसऱ्या माणसाला ते नेहमीचं ठिकाण माहीत नसतं.

मंडईला हे शिकवायला नको, खरं तर. १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडलेल्या या इमारतीच्या आसपास इतकं राजकारण बोललं गेलं, की पुणेकरांनी त्या जागेला 'मंडई विद्यापीठ' म्हणायला सुरुवात केली. तिथली टोमणेवजा वाक्यं भाजीच्या पिशवीतून घरोघर जात. मेथीची जुडी पिशवीत बसते, कलिंगड बसत नाही. लांब भाषणं मंडईतच राहत.

निरोप जड असला की तो ढकलायला भीती लागते. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डाच्या काळात देवाच्या नावानं पत्रं यायची, 'अशीच अकरा पत्रं लिहा, नाहीतर...' अकरा कार्डं विकत आणायची, हातानं लिहायची. धमकीशिवाय कोण करील? याच्या अगदी उलट टोकाला १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केलेली हॉटमेल ही ई-मेल सेवा. लहानपणी पुण्यात शिकलेल्या भाटियांच्या या सेवेतून गेलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ आपोआप लागायची, तुम्हीही फुकट खातं उघडा अशी. पाठवणाऱ्याला काहीच करायचं नव्हतं. त्यानं मावसभावाला खुशाली कळवली की जाहिरात झाली. डिसेंबर १९९७मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी घेतली, तेव्हा वापरणारे ८० लाखांच्या वर होते.

आणि २१ सप्टेंबर १९९५ आठवतो? गणपती दूध पितोय! मोबाइल जवळजवळ कोणाकडेच नव्हता, तरी दिल्लीत पहाटे उठलेली बातमी त्याच दिवशी देशभर आणि परदेशातही पोचली. तीन शब्द, आणि खात्री करायला घरातला चमचा पुरे. कोणत्याही जाहिरात कंपनीनं हेवा करावा अशी रचना, फक्त ती कोणी रचली नव्हती.

पण सोपेपणाला डोळे नसतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढं पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. पुढं २०२०मध्ये, फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. हे आधीच करायला हवं होतं, असं माझं मत आहे.

व्यापाऱ्याच्या निरोपानं कोणाचा जीव जात नाही, पण तोही मोकाट सुटतो. 'उद्या सकाळी ताजा माल' हा निरोप चार दिवस फिरतो, आणि पाचव्या दिवशी कोथरूडचं कुटुंब मेट्रोनं मंडई स्टेशनला उतरून रिकाम्या पाटीसमोर उभं राहतं. रक्त हवंय असे निरोप तर तारीख नसल्यानं वर्षानुवर्षं फिरतात. पेशंट केव्हाच घरी गेलेला असतो आणि नातेवाइकांचा फोन वाजतच असतो.

तेव्हा मंडईतल्या दादा-ताईंनो, यंदा चित्र काढून घेण्याचे पैसे वाचवा. चार ओळी लिहा, नंबर चित्रात नको, मजकुरात टाका, 'उद्या' ऐवजी तारीख घाला. आणि माल संपला की 'संपला' हा निरोपही तितक्याच लगबगीनं पाठवा. तोही आम्ही पुढं पाठवू.