चकाकणारी बटणे



आपल्या अनेक बुद्धविहारांच्या अभ्यासिकांत आता दान मिळालेले जुने संगणक आहेत. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आपली होतकरू मुले-मुली त्यावर सराव करतात. मात्र की-बोर्डची बटणे चकाकू लागली, बोट घसरू लागले, की 'हा गेला, नवा आणा' असे म्हटले जाते आणि खर्च वर्गणीवर पडतो. तो खर्च करण्यापूर्वी ही चकाकी म्हणजे काय, ते समजून घेऊ या.

साध्या की-बोर्डची बटणे बहुधा एबीएस या प्लास्टिकची असतात. साच्यातून निघतानाच त्यांच्यावर बारीक खरखरीतपणा असतो. बोटांच्या घर्षणाने तो झिजून सपाट होतो आणि सपाट झालेली जागा चकाकते. म्हणूनच स्पेसबारवर नेमकी अंगठा पडतो तेवढीच जागा चमकते. पीबीटी प्लास्टिक जास्त टणक असल्याने त्याची बटणे उशिरा गुळगुळीत होतात.

प्रथम मळ आणि झीज यांतला फरक ओळखावा. संगणक बंद करून की-बोर्डची वायर काढावी. बटणांची जागा लक्षात राहावी म्हणून मोबाइलवर फोटो काढावा. मग लहान बटणे सरळ वर ओढून काढावीत. स्पेस, एंटर अशा लांब बटणांखाली तार असू शकते, ती जागेवरच ओल्या फडक्याने पुसावीत. लॅपटॉपची बटणे मुळीच उपटू नयेत. काढलेली बटणे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने भिजवून जुन्या टूथब्रशने घासावीत आणि रात्रभर वाळू द्यावीत. इतके करून चिकटपणा गेला तर तो मळ होता. चमक उरली तर ती झीज समजावी.

झिजून गेलेले प्लास्टिक परत येत नाही. पॉलिश पेपर मारून नवा खरखरीतपणा आणता येतो, पण बटणाचा माथा खोलगट असतो. सपाट पेपरने कडाच घासल्या जातात, शिवाय छापलेले अक्षर निघून जाते. बारीक वाळूसारखी पूड हवेच्या दाबाने मारून एकसारखा पोत येतो. मात्र त्याला यंत्र लागते, आणि एबीएस वापराने पुन्हा गुळगुळीत होतेच. साधा की-बोर्ड काहीशे रुपयांना मिळतो, त्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर तर लावूच नये. रिमूव्हरमधील अॅसिटोनने एबीएस विरघळते.

जपायचे आहे ते एफ आणि जे या बटणांवरचे छोटे उंचवटे. न बघता बोटांना घर सापडते ते त्यांच्यामुळे. मराठी इनस्क्रिप्टमध्ये एफवर पहिली वेलांटी आणि जेवर 'र' आहे, म्हणजे मराठी टायपिंगलाही हीच दोन बटणे आधार. ते उंचवटे झिजले असतील तर बाजारात मिळणारे उठावाचे पारदर्शक ठिपके चिकटवावेत. तोवर चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा दोन-तीन पदरी करून लावला तरी काम भागते.

बटणावरचे अक्षर पुसले म्हणून शिकणारे अडत नाहीत, खाली न बघता टाईप करणे हाच तर अभ्यास आहे. परीक्षेला समोर येणारा की-बोर्ड कुठे आपला असतो! बटण दाबल्यावर अडकत असेल, एका दाबात दोन अक्षरे उमटत असतील, तर मात्र की-बोर्ड बदलावा. नुसत्या चकाकीसाठी बदलू नये.

विहार समित्यांना आमची एवढीच विनंती आहे. 'मुले खराब करतील' म्हणून काही ठिकाणी संगणकाला कुलूप असते आणि किल्ली एकाच घरी असते. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या आईची मुलगी संध्याकाळी सरावाला येते आणि कुलूप पाहून परत जाते. कुलपात की-बोर्ड नवाकोरा राहील, पण तिचा वेग वाढणार नाही. बटणे झिजू द्यावीत आणि अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवावी.

जयभीम!