मत आहे, हिशेब नाही
बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र



आदरणीय प्राचार्य महोदय,


सुरुवात माळेगाव साखर कारखान्याच्या निवडणुकीपासून करू. २२ जून २०२५ ला मतदान झाले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार स्वतः 'ब' वर्गातून संचालकपदाला उभे राहिले. समोर चंद्रराव आणि रंजन तावरे यांचे पॅनेल होते, शिवाय शरद पवारांच्या पक्षाच्या पाठबळावरचे आणखी एक. एवढा मोठा नेता साखर कारखान्याच्या संचालकपदासाठी गावोगाव फिरतो, याचे बाहेरच्यांना नवल वाटले. आपल्याकडे फारसे कुणाला वाटले नाही. जिथे मतदार दर विचारतो, ती निवडणूक कुणालाच हलक्यात घेता येत नाही.

त्या पंधरवड्यातली पारावरची बोलणी आठवा. उतारा किती पडला, सोमेश्वर कारखान्याने टनाला किती दिले आणि आपण किती, डोक्यावर कर्ज किती, डिस्टिलरीचा पैसा कशात गेला, तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा चढला. सातवी शिकलेला सभासद अहवालातला ताळेबंद उघडून मागच्या वर्षीच्या आकड्यावर बोट ठेवतो. भावकी, गट, जेवणावळी हेही सारे असतेच. मी स्वतः कारखान्याचा सभासद आहे, मला ते कुणी सांगायला नको. सर्वसाधारण सभेत विषय वाचून व्हायच्या आत 'मंजूर, मंजूर' ओरडणारेही असतात. पण जेवून हात धुतल्यावरसुद्धा सभासद दर विचारतोच.

या निवडणुकीत तुमच्या विद्यार्थ्यांना मत नसते. ऊस वडिलांच्या नावावर, शेअरही वडिलांच्या नावावर. म्हणजे घरातली सगळ्यात जाणती राजकीय चर्चा ज्या निवडणुकीवर होते, तिथे पोरापोरींनी नुसते ऐकायचे. आणि जिथे त्यांना बापाइतकेच पूर्ण मत आहे, त्या लोकसभेला नि विधानसभेला घरातून एकच वाक्य येते : यंदा आपले मत अमक्याला. का, हे कुणी सांगत नाही. हे 'का' विचारायला त्यांना कुठेतरी शिकवले पाहिजे, आणि ते ठिकाण तुमचे महाविद्यालय असावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मतदार जागृतीचे काम तुमच्याकडे होत नाही, असे मी म्हणत नाही. निवडणूक आयोग २५ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाला, म्हणून २०११ पासून ती तारीख राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळली जाते. त्या दिवशी रांगोळ्या होतात, फेरी निघते, शपथ होते. मतदार साक्षरता मंडळे आहेत. पुणे विद्यापीठाने पदवीच्या पहिल्या वर्षाला 'लोकशाही, निवडणूक आणि सुशासन' हा विषयही आणला. मात्र यातले बहुतेक सारे 'मतदान करा' या दोन शब्दांपाशी येऊन थांबते. राजकारणाचा कंटाळा आलेल्या शहरी तरुणासाठी ते औषध ठीक असेल. आपल्या पोरांना तो आजारच नाही. मोबाईलचे स्टेटस नेत्याचे, चौकातल्या फ्लेक्सवर चेहरा स्वतःचा, खाली 'भावी सरपंच'. कोणाचा गट कुठे फुटला आणि कोण कोणाच्या गाडीत बसला, हे त्यांना तुमच्या-माझ्या आधी कळते. पण त्यातल्याच एखाद्याला विचारा, नीरा डाव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कोण ठरवते? उत्तर येत नाही.

पाण्याचेच बोलू, कारण आपले सगळे राजकारण तिथूनच उगवते. हा कालवा १८८० च्या दशकातला, इंग्रजांनी काढलेला. त्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा राहिला. किती आवर्तने सोडायची आणि कधी, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. अध्यक्षस्थानी मंत्री असतात, आमदार सदस्य असतात. शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचेल की मधेच मुरेल, याची दाद तिथे मागायची. सुप्याच्या बाजूच्या जिरायती गावांसाठी जनाई-शिरसाई उपसा योजना आहे. इंदापूरला खडकवासल्याचे पाणी मिळते, पण आपण कालव्याच्या टोकाला. वरती पुणे शहर जितके वाढेल तितकी आपली ओढाताण. उजनीचे पाणी तर तालुक्याच्या कडेला लागून आहे. ते उचलायची लाकडी-निंबोडी योजना मंजूर झाली, तेव्हा सोलापूरकर रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे काय होते आणि आपले काय, हे दोन्ही समजून घेतलेला विद्यार्थी मला भेटलेला नाही. घोषणा देणारे पुष्कळ भेटले.

उसाचेही तेच. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, हा शब्द आपल्या पोरांच्या कानावर पाळण्यात असल्यापासून पडतो. ती केंद्र सरकार ठरवते. २०२४-२५ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३४०० रुपये होती. इथेनॉलला परवानगी किती, साखर निर्यात करायची की नाही, हेही दिल्लीत ठरते. म्हणजे हे प्रश्न खासदाराला विचारायचे, आवर्तनाचे आमदाराला, आणि वाडीवरचा दिवा सरपंचाला. लोकसभेच्या उमेदवाराला गटाराबद्दल छेडणारा आणि सरपंचाला महागाईवरून धरणारा मतदार नेत्यांच्या फार सोयीचा असतो. त्याला कुणीही 'ते माझ्या हातात नाही' असे सांगून वाटेला लावू शकते, आणि ते खोटेही नसते.

एक गोष्ट मात्र आपल्या मतदाराच्या बाजूने सांगायलाच हवी. ७ मे २०२४ ला लोकसभेचे मतदान झाले. शरद पवारांच्या पक्षाच्या सुप्रिया सुळे १ लाख ५८ हजार ३३३ मतांनी निवडून आल्या. त्यात बारामती विधानसभा भागाने त्यांना सुमारे ४८ हजारांचे मताधिक्य दिले, इंदापूरने पंचवीस हजारांहून जास्त. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी बारामतीनेच अजित पवारांना १ लाख ८९९ मतांनी निवडून दिले, आणि इंदापुरात त्यांच्याच पक्षाचे दत्तात्रय भरणे १९ हजार ४१० मतांनी आले. सहा-साडेसहा महिन्यांत एवढी उलटापालट. कुणी म्हणेल भावनेची लाट, कुणी म्हणेल पैसा, कुणी योजना. मला त्यात दिल्ली आणि मुंबई वेगवेगळी मोजणारा मतदार दिसतो. हे मोजणे अठरा-वीस वर्षांच्या मुलांपर्यंत पोचले का, याची मला शंका आहे. त्यांना चिन्हावर किंवा पक्षावर विसंबताही येत नाही. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील यांनी १९९५ पासून अपक्ष, काँग्रेस, भाजप आणि शेवटी शरद पवारांच्या पक्षाची तुतारी एवढ्या चिन्हांवर निवडणुका लढवल्या. ज्या राष्ट्रवादीला घरातल्या थोरांनी वर्षानुवर्षे मत दिले, तिचे दोन पक्ष झाले. चिन्ह बघून पिढ्यानुपिढ्या मत देण्याची सोय संपली. आता प्रश्न विचारण्याला पर्याय नाही.

आणि प्रश्न विचारण्याचा सराव तरी कुठे झाला? पुणे जिल्हा परिषदेचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ नंतर कित्येक वर्षे झाले नाही. मार्च २०२२ पासून तिथे प्रशासक होता. पंचायत समित्यांचे तसेच. बारामती आणि इंदापूरच्या नगरपालिकांना तर डिसेंबर २०१६ नंतर कित्येक वर्षे मतदानच झाले नाही. १ जानेवारी २०१७ नंतर ज्यांना अठरावे वर्ष पूर्ण झाले, त्यांना २०२५ च्या मध्यापर्यंत जिल्हा परिषदेला एकदाही मत देता आले नव्हते, आणि त्यांतले थोरले तेव्हा सव्वीस वर्षांचे झाले होते. पंचविशीत आमदारकीला उभे राहता येते. आमदार व्हायच्या वयाचा माणूस, पण जिल्हा परिषद गटाच्या सदस्याला मत द्यायची वेळच त्याच्यावर आली नाही! सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका घ्यायला ६ मे २०२५ रोजी सांगितले. 

कॉलेजात तरी सराव होता का? तोही नाही. महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाल्या. मारामाऱ्या झाल्या होत्या, खूनही पडला होता, ते खोटे नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायचे ठरवले, २०१९ ला मुहूर्तही निघाला आणि टळला. देशाचे सरकार निवडणारी मुलगी आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. हे बदलणे तुमच्या एकट्याच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. पण वसतिगृहाची मेस कमिटी गुप्त मतदानाने निवडायला कुठल्या कायद्याची आडकाठी आहे? उमेदवाराने मेसचा दर आणि भाजीचा खर्च यावर बोलावे, निवडून आल्यावर महिन्याच्या महिन्याला हिशेब भिंतीवर लावावा. हिशेब लागला नाही तर पुढच्या सत्राला दुसरा निवडावा. शंभर व्याख्यानांपेक्षा हे जास्त शिकवेल, असे माझे मत आहे.

मतदार नावनोंदणीचे एक काम मात्र लगेच करण्यासारखे आहे. बारामतीत विद्या प्रतिष्ठान, तुळजाराम चतुरचंद, शारदानगर या ठिकाणी बाहेरगावची कितीतरी मुले राहून शिकतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येते. अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा आणि मान्यताप्राप्त हवा. नोंदणी अर्जाच्या नमुना ६ सोबत तुमच्या सहीचे प्रमाणपत्र जोडायचे, बस्स. पुष्कळ मुलांना हे ठाऊक नसते, आणि काही कार्यालयांत गावाकडचा पुरावा आणा म्हणून परतही पाठवतात. दुसरे असे की अठरा वर्षे पूर्ण झाली की नाही हे मोजायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांची एक तारीख अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. कुठे नोंदवावे, हे मुलांनाच ठरवू द्या. माझ्यापुरते विचाराल तर ज्या गावच्या पाण्यावर आपण वाढलो, तिथेच नाव असावे. पण मतदानाला एसटीने घरी जाणे होणारच नसेल, तर त्या नावाचा काय उपयोग?

उमेदवारांची शपथपत्रे वर्गात वाचून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे ही माहिती उमेदवाराला द्यावी लागते, आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. दोन्ही तालुक्यांतल्या २०२४ च्या प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे काढा, २०१९ ची शेजारी ठेवा, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना फरक काढायला सांगा. वडील जे ताळेबंदाशी करतात तेच हे. नेत्यांचे कार्यअहवालही आणा हवे तर, पण मुलांना एवढे दाखवा की कार्यअहवालात फोटो असतात आणि ताळेबंदात तोटाही असतो.

यावर तुमच्या मनात काय येईल, याचा अंदाज आहे. आपल्याकडच्या बहुतेक शिक्षणसंस्था राजकारणातल्याच माणसांनी उभ्या केल्या. विद्या प्रतिष्ठान १९७२ साली शरद पवारांनी स्थापन केले. इंदापूरची गोष्टही निराळी नाही. संस्थेच्या अध्यक्षांचे शपथपत्र त्यांच्याच वर्गात वाचायचे? हो, वाचायचे, आणि विरोधकाचेही तितकाच वेळ. ज्यांनी खेड्यातल्या मुलींना शिकता यावे म्हणून इमारती बांधल्या, त्यांनी त्या शिकलेल्या मुलींच्या प्रश्नाला घाबरायचे कारण नाही. कुणी खरोखर हरकत घेतलीच, तर ती लेखी मागा. लेखी द्यायला कुणी तयार होणार नाही. एक पथ्य मात्र पाळा : व्यासपीठावर कधीही एकटा नेता बोलावू नका. बोलावले तर सगळे, आणि भाषण नको, नुसती प्रश्नोत्तरे.

सुरुवात १५ ऑगस्टपासून करता येईल. ध्वजवंदनानंतर गावोगाव ग्रामसभा असतात, आणि गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी, तेवढी हजेरी लागते. तीही न भरल्यामुळे सभा तहकूब होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. त्या दिवशीचा कार्यक्रम आटोपला की मुलांना गावी सोडा आणि एवढेच काम द्या : विषयपत्रिका उतरवून आणा, किती जण होते ते मोजा, महिला सभा झाली की कागदावरच राहिली ते विचारा, आणि स्वतः एक तरी प्रश्न विचारून त्याचे काय उत्तर मिळाले ते लिहा. वह्या जमा झाल्या की मला जरूर कळवा. वाचायला मी येईन, चहा मात्र तुमच्याकडे.

आपला,
इंदापूर तालुक्यातील एक ऊस उत्पादक सभासद