चार इंचांची वहिवाट

कण्वाश्रमातील रोपांना पाणी घालणारी शकुंतला पहिल्याच अंकात एक साधी तक्रार करते, की प्रियंवदेने वल्कल फार आवळून बांधले आहे, तेवढे सैल कर. आणि अनसूया ते सैल करीत असता प्रियंवदा हसून सांगते, की दोष मला देऊ नकोस, आपल्या यौवनाला दे. नाटकात हा विनोद गोड आहे, आणि झाडाआड दुष्यंत उभा असल्यामुळे त्याला प्रयोजनही आहे. परंतु हाच विनोद वस्त्राच्या मामल्यात निवाडा म्हणून लागू होऊ लागला, म्हणजे मोठा अन्याय होतो. बांधणारीची चूक बांधल्या गेलेल्या देहाच्या खाती टाकण्याचा हा व्यवहार आपल्याकडील होजिअरीच्या दुकानांतून आजही बिनबोभाट चालू आहे. ब्रा खांद्यांत रुतली, पाठीवर वर चढली, तिची तार काखेला टोचू लागली, की ती वापरणारी स्त्री ‘माझाच बांधा बेढब’ असे म्हणून गप्प बसते, आणि विकणाऱ्याचे मतही त्याहून फारसे निराळे नसते. माप चुकले असेल, ही शंका दोघांपैकी एकाच्याही मनाला शिवत नाही. प्रस्तुत लेखिकेचा पक्ष असा आहे, की या फिर्यादीत देह सर्वस्वी निर्दोष असून अपराधी माप आहे, आणि त्या मापाच्या पाठीशी एक अशी जुनी वहिवाट उभी आहे, की जिचे मूळ कारण केव्हाच लयाला गेले आहे.

पूर्वपक्षाचे पहिले म्हणणे असे, की साइझ म्हणजे एक आकडा. पुण्याच्या तुळशीबागेतील एखाद्या दुकानात गिऱ्हाईक बाई आजूबाजूला पाहून हळूच ‘चौतीस’ म्हणते, काउंटरमागील इसम तिच्याकडे ओझरती नजर टाकून ‘छत्तीस लागेल’ अशी दुरुस्ती फर्मावतो, आणि खोक्यातून निघालेली वस्तू पंचनामा टाळावा अशा लगबगीने कागदी पिशवीत जाते. त्यातून अक्षराची विचारपूस झालीच, तर उत्तर तयार असते, की बी रेग्युलर, डी म्हणजे जाड बायकांचे. वस्तुस्थिती अशी आहे, की आकडा हा छातीखालच्या, म्हणजे फासळ्यांभोवतीच्या घेराचा निदर्शक असतो आणि अक्षर हे त्या घेरात व वक्षाच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या घेरात किती अंतर आहे ते सांगते: एका इंचाला ए, दोहोंना बी, तिहींना सी, चोहोंना डी. अक्षर हा शेष आहे. आणि कोणत्या राशीतून काय वजा केले हे सांगितल्यावाचून शेषाला अर्थ नसतो. ३० डी, ३२ सी आणि ३४ बी या तिन्हींच्या कपांचे आकारमान जवळजवळ एकच आहे, ही गोष्ट ऐकून पुष्कळ सुशिक्षित स्त्रियाही चकित होतात. पण ज्या सडपातळ मुलीला तिच्या मैत्रिणी ‘ए’ वर्गात ढकलून मोकळ्या होतात, ती मोजल्यावर डी निघू शकते, आणि स्थूल म्हणून जिला डी देण्यात येते, तिला बी पुरू शकतो.

अक्षरांची ही योजना काही अनादि नव्हे. मेरी फेल्प्स जेकब हिने १९१४ साली अमेरिकेत ज्या ‘बॅकलेस ब्रेसिअर’चे पेटंट मिळविले, त्यात कपांची वर्गवारी नव्हती, ए ते डी ही अक्षरे मिशिगन राज्यातील एस. एच. कॅम्प कंपनीने १९३२ च्या सुमारास प्रचारात आणली आणि त्याच दशकात वॉर्नर कंपनीने ती आपल्या मालाला लावली. म्हणजे ‘एक आकडा पुरे’ म्हणणारी आमची दुकाने त्या सुधारणेच्या पूर्वीच्या राजवटीत अद्याप नांदत आहेत असेच म्हणावे लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मापाच्या असंख्य कोष्टकांत एक कलम हटकून आढळते, ते असे, की छातीखालचा घेर मोजावा, त्यात चार इंच मिळवावे (विषम संख्या आल्यास पाच), आणि येईल तो आपला आकडा समजावा. का मिळवावे, याचा खुलासा कोष्टक करीत नाही. हे कलम ज्या काळचे आहे, त्या काळी पट्टे बहुधा न ताणणाऱ्या सुती किंवा साटिनच्या कापडाचे असत. श्वासाला, बसण्या-उठण्याला, जेवणानंतरच्या फुगवट्याला काही मोकळीक ठेवणे तेथे भागच होते. पुढे १९५८ साली ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स या रसायनज्ञाने स्पँडेक्सचा धागा सिद्ध केला, तो लायक्रा या नावाने जगभर पसरला, आणि तेव्हापासून श्वासाची मोकळीक धाग्यातच विणली जाऊ लागली. आज दुकानातील ३४ ची नवी ब्रा न ताणता मेजावर ठेवून तिचा पट्टा मोजावा. तो चौतीस इंचांपेक्षा चांगलाच कमी भरेल, कारण ताणून चौतिसाला पोचावे याच हिशेबाने तो बेतलेला असतो. जी सवलत धागा आपण होऊन देत आहे, तीच कोष्टकाकडून पुन्हा घेणे म्हणजे एकाच नुकसानीची भरपाई दोन खात्यांतून उचलणे होय.

याचे फळ काय होते, ते एका उदाहरणाने पाहावे. समजा एका स्त्रीचा छातीखालचा घेर ३० इंच आणि वक्षाचा घेर ३४ इंच आहे. चार मिळविणाऱ्या नियमाप्रमाणे तिचा आकडा ३४ झाला; चौतिसातून चौतीस वजा जाता शून्य उरले; अर्थात ए हे अक्षरही तिच्या वाट्याला येत नाही. न मिळविता मोजले, तर आकडा ३०, अंतर चार, म्हणजे ३० डी. एकच देह एका हिशेबाने वर्णमालेबाहेर घालविला जातो आणि दुसऱ्या हिशेबाने चौथ्या अक्षरावर बसतो. ती बिचारी दुकानात ३४ ए घालून पाहते, कप लहान पडतात. मग ३४ बी घेते, कप नेमके बसतात, आणि साइझ सापडली अशा समाधानाने ती घरी येते. कप बसणारच, कारण ३४ बी आणि ३० डी यांची कपांपुरती भाऊबंदकी वर सांगितलीच आहे. मात्र पट्टा तिला चार इंच सैल असतो. सैल पट्टा भार पेलू शकत नाही, म्हणून तो पुढून खाली उतरतो व मागून वर चढतो. तो वर चढला की खांदेपट्टे ढिले पडतात. ते ढिले पडले म्हणून ती आवळते. आणि जो भार फासळ्यांभोवतीच्या घेराने उचलायचा, तो दोन बोटभर फितींवरून खांद्यांवर येतो. खांद्यांतले वळ, मानेची ओढ आणि दिवस मावळता मावळता पाठीत भरणारी कळ यांची तक्रार घेऊन ती दवाखान्यात गेली, तर तिला वजन कमी करण्याचा सल्ला मिळण्याचाच संभव अधिक.

येथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा लपवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. तो म्हणेल, की पुष्कळ लेबलांवर ३४ बी च्या शेजारी ७५ बी असे छापलेले असते. युरोपीय पद्धतीत ७५ हा छातीखालचा घेर सेंटिमीटरांत सांगितलेला असतो. पंच्याहत्तर सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. तेव्हा उत्पादकच साडेएकोणतिसाला चौतीस म्हणत आहे, आणि चार मिळविण्याला याहून बळकट दाखला कोणता हवा? मुद्दा खरा आहे. इतकेच काय, फ्रान्समध्ये त्याच वस्तूवर ९० छापतात, कारण तेथे पंच्याहत्तरात पंधरा मिळविण्याचा रिवाज आहे. परंतु या दाखल्याने सिद्ध होते ते एवढेच, की लेबलावरील आकडा हा मोजणीचा उतारा नसून त्या त्या कारखान्याचा अंतर्गत संकेत आहे; कोणी जुन्या कोष्टकाप्रमाणे आखूड पट्टा कापतो, कोणी चौतिसाचा पट्टा खरोखरच तेहेतीस-चौतीस इंचांच्या छातीसाठी कापतो, आणि गिऱ्हाइकाला त्याची वर्दी कोणीच देत नाही. अशा स्थितीत चार मिळविण्याचा सरसकट नियम बंधनकारक कसा ठरतो? इंग्लंडातील पोर्ट्समथ विद्यापीठात व्हाइट व स्कर या संशोधिकांनी टेपने काढलेली पारंपरिक मापे आणि प्रत्यक्ष अंगावर घालून, ठरीव कसोट्यांनी निश्चित केलेली मापे यांची तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात टेपने बहुसंख्य स्त्रियांचा घेर वाजवीहून मोठा आणि कप वाजवीहून लहान ठरविल्याचे दिसून आले. चुकीची दिशा आमच्या उदाहरणातील तीच आहे.

यावर निराळ्याच बाजूने एक हरकत येते, आणि ती बहुधा वडीलधाऱ्या माणसांची असते: आमच्या आज्या-पणज्यांनी खणाची चोळी घातली, त्यांना कुठे ए-बी-सी-डी लागत होते? या हरकतीत आज्यांविषयी आदर आहे, पण चोळीविषयी अज्ञान आहे. ती चोळी बाजारातून तयार येत नसे. ती त्या त्या अंगाच्या बेताने घरी किंवा शिंप्याकडे शिवली जाई, आणि तिची गाठ छातीच्या खाली, पुढल्या बाजूस पडे. ही गाठ म्हणजेच आपला आजचा पट्टा. फरक एवढाच, की आजी ती रोज सकाळी आपल्या हाताने, त्या दिवशीच्या देहाच्या मानाने आवळीत असे. गर्भारपणी ती सैल पडे, बाळंतपणानंतर निराळी बसे. भार खालून, घेराच्या जोरावर उचलावा व खांद्यांवर टाकू नये, हे तत्त्व चोळीत पूर्वीच सिद्ध होते. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी ती गाठ नीट पाहिली असती, तर ते आमच्याच पक्षाला येऊन मिळाले असते.

ब्रा घातल्याने स्तनाचा कर्करोग होतो, ही वदंता येथे केवळ नोंदीपुरती घेते. १९९५ च्या एका अमेरिकन पुस्तकाने ती गाजविली. सिएटल येथील फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने पंधराशेहून अधिक स्त्रियांची माहिती तपासून २०१४ साली असा संबंध आढळत नसल्याचे प्रसिद्ध केले. त्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया होत्या, आणि कपाचा आकार, तार, दिवसाचे तास या सर्वांची विचारणा झाली होती. एवढ्यावर त्या वादाची मिसल बंद करण्यास हरकत नाही.

खंडन पुष्कळ झाले. स्वपक्षाची मांडणी करायची, तर टेपच्या भक्तांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. टेप हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तो घेर सांगतो, घडण सांगत नाही. एकाच मापाच्या दोघींपैकी एकीचे स्तन मुळाशी अरुंद व पुढे आलेले असतील, दुसरीचे रुंद व पसरट असतील, आणि पहिलीला बसलेला कप दुसरीला वरच्या कडेला पोकळ राहील. तेथे साइझ बदलून उपयोग नाही, बेत बदलावा लागतो. शिवाय दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असणे दुर्मीळच, तेव्हा मोठ्या बाजूचा कप प्रमाण मानावा. म्हणून मोजलेल्या घेरापासून आरंभ करावा, आणि पुढची तपासणी अंगावर करावी. कप पाठीकडे ठेवून प्रथम नुसता पट्टा लावून पाहावा. श्वास अडत असेल, तर तो खरोखरच घट्ट आहे, मग घेर एक पायरी चढवावा आणि अक्षर एक पायरी उतरवावे. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, कारण धुण्या-वापरण्यात पट्टा सैल होत जातो आणि आतले हूक त्या दिवसांसाठीच राखलेले असतात. पुष्कळ बायका पहिल्याच दिवशी शेवटचा हूक लावून ‘छान बसली’ म्हणतात, तेव्हा त्यांनी भविष्यकाळ आधीच खर्च केलेला असतो. घातल्यावर किंचित वाकून काखेकडे ढकलला गेलेला भाग हाताने कपात घ्यावा. हे संकोचाने कोणी सांगत नाही, आणि निम्म्याहून अधिक गैरसमज येथेच जन्मतो, कारण तसे केल्यावर काल पुरेसा वाटणारा कप आज अपुरा ठरतो. मग आरशात बाजूने पाहावे. पट्टा जमिनीशी समांतर हवा. तार असल्यास ती स्तनाच्या मुळालगत, मांसावर न चढता बसावी आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकावा. खांदेपट्ट्याखाली दोन बोटे विनासायास जावीत. शेवटी खांदेपट्टे क्षणभर खाली उतरवून पाहावेत. कप लगेच घसरून खाली आले, तर इतका वेळ भार कोण वाहत होते ते उघड झाले.

दुकानदाराचीही एक कैफियत आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. तीस ते चाळीस असे सहा घेर, ए पासून एफपर्यंत सहा कप, म्हणजे छत्तीस प्रकार. त्यांना तीन रंग म्हटले, की एकाच नमुन्याचे एकशे आठ नग फळीवर पडून राहणार. भांडवल असे अडकवून ठेवण्यापेक्षा मधले पाच-सहा आकडे ठेवावेत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्यांतच बसवावे, हा व्यापारी शहाणपणा समजण्यासारखा आहे. मात्र त्या शहाणपणाला शरीरशास्त्राचा वेष देऊन ‘बी रेग्युलर’ म्हणू नये, आणि ३० डी मागणाऱ्या मुलीला तिचे माप अस्तित्वातच नसल्याचे सांगू नये. माल नाही, मागवून देतो, एवढे म्हणण्याने कोणाची पत जात नाही. घालून पाहायला एक पडदा टांगलेला कोपरा आणि मोजून द्यायला काउंटरवर एक जाणती बाई, या दोन गोष्टींचा खर्च परत येणाऱ्या मालाच्या नुकसानीहून थोडाच ठरेल. कारखानदारांकडे मागणी त्याहून लहान आहे: चौतीस की पंच्याहत्तर की नव्वद, कोणता संकेत छापायचा तो खुशाल छापावा, पण त्याच्या खाली ही ब्रा छातीखालच्या किती सेंटिमीटर घेराला आणि वक्षाच्या किती सेंटिमीटर घेराला बेतली आहे, ते दोन आकडे मराठीत, वाचता येतील अशा टाइपात द्यावेत.