पाणी आल्यावर पुढे काय?



सोयाबीन मोंढ्यावर गेले, हरभऱ्याची पेरणी उरकली, की आपल्या उमरी भागात संध्याकाळी थोडी उसंत मिळते. तुरीला अजून अवकाश असतो. अशा दिवसांत जेवणानंतर घरोघरी टीव्ही चालू असतो, नाहीतर प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. आमच्या घरी अलीकडे जे चित्रपट आणि माहितीपट सर्वांनी मिळून पाहिले, त्यांतल्या काहींविषयी आज लिहितो. मी चित्रपटांचा जाणकार नव्हे. शेतीचा पदवीधर आहे आणि नोकरीची सारी वर्षे बांधावर फिरण्यात गेली आहेत. त्यामुळे पडद्यावर शेत दिसले की नट-नटीच्या आधी माझी नजर पिकाकडे जाते. आमच्या मंडळींना याचा फार राग येतो.

पहिला मान 'पाणी' या चित्रपटाला, कारण तो आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचा आहे. हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या आयुष्यावर तो बेतलेला आहे. गावात पाणी नाही म्हणून ठरत आलेले लग्न अडते आणि हा तरुण गावात पाणी आणायचे मनावर घेतो, अशी ही गोष्ट. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शन केले आणि हनुमंतरावांची भूमिकाही त्यांनीच केली. पर्यावरण रक्षणावरील उत्तम चित्रपटाचा २०१८ सालचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला होता, पण चित्रपटगृहात तो लागायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. पुरस्कार मिळालेल्या चित्रपटालाही पडदा मिळायला इतका उशीर व्हावा, याचे नवल वाटते.

चित्रपट पाहताना घरातल्या बायका एका गोष्टीवर लगेच बोलल्या. बापाने मुलगी नाकारली यात त्याचे काय चुकले? जिथे पहाटे उठून घागर घेऊन कोसभर जायचे, तिथे लेक कोण देईल? मला हे म्हणणे पटले. हंडा बाईच्याच डोक्यावर असतो, आणि पाण्याच्या कामाची सभा भरली की सतरंजीवर सगळे पुरुष बसलेले असतात. ही गोष्ट जुनी झाली असेही कोणी समजू नये. आज पाणी असलेल्या गावातही शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. तिशी ओलांडलेली, कष्टाळू, निर्व्यसनी मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. मुलगी विचारते, मला रोज काय काम पडेल, हातात पैसा कधी येईल? या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी घराने आधी करावी, मग मुलाच्या नशिबाला दोष द्यावा.

आता माझ्या खात्याचे दोन शब्द. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. पंचवीस मिलिमीटरची एक चांगली सर म्हणजे एकरी एक लाख लिटर. हे पाणी माथ्यावर अडले नाही तर माती घेऊन ओढ्याला जाते. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, मग शेतात बांधबंदिस्ती, त्याखाली दगडी बांध आणि शेवटी नाल्यावरचा बंधारा. आपल्याकडे पुष्कळ गावांत पहिली मागणी बंधाऱ्याची असते, कारण बंधारा डोळ्यांना दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. वरचे चर नसले की तो दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतो.

चित्रपटाला अडीच-तीन तासांत कुठेतरी थांबावे लागते, आणि पाण्याची गोष्ट पाणी आले की संपवावी असे कोणालाही वाटेल. मला मात्र पुढचे भय वाटते. विहिरीला पाणी लागले की पहिल्या वर्षी गाव आनंदाने हरभरा, गहू, भाजीपाला घेते. दुसऱ्या वर्षी कोणीतरी ऊस लावतो. त्याचे पाहून शेजारी लावतो. त्यानंतर बोअर सुरू होतात, आणि पाचव्या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा टँकरचा अर्ज. मोकाट पाण्यावरच्या उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागते, हरभऱ्याला अडीचशे ते तीनशे. म्हणजे एका एकर उसाच्या पाण्यात सहा-सात एकर हरभरा निघतो. उसाला माझा विरोध नाही, ज्याच्याकडे ठिबक आहे आणि बारमाही पाणी आहे त्याने तो खुशाल घ्यावा. पण गावाचे पाणी सगळ्यांनी मिळून अडवले असेल तर ते वापरायचे कसे हेही सगळ्यांनी मिळूनच ठरवायला हवे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण फार लवकर विसरलो.

याच विषयावर पाणी फाउंडेशनचा 'तुफान आलंया' हा कार्यक्रम टीव्हीवर लागत असे. वॉटर कपची स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांत आपल्या मराठवाड्यातला अंबाजोगाई होता. त्या कार्यक्रमाचा एक गुण असा की काम करणारी माणसे स्वतःच्या तोंडून बोलत. गावातली भांडणेही दाखवत, आणि मला ती भांडणेच जास्त उपयोगी वाटली. पुढे त्याच संस्थेने शेतकरी गटांसाठी फार्मर कप सुरू केला.

जुन्यातला एक चित्रपट सर्वांनी पाहावा म्हणून सांगतो. श्याम बेनेगल यांचा 'मंथन', १९७६ सालचा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांत तो तयार झाला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, आणि त्यात स्मिता पाटील आहे. जुनी प्रत स्वच्छ करून २०२४ मध्ये ती फ्रान्समध्ये कान येथील महोत्सवात दाखवली गेली आणि नंतर आपल्याकडेही पुन्हा चित्रपटगृहांत लागली. गावात दूध सोसायटी काढायला एक जनावरांचा डॉक्टर येतो. दुधाला भाव किती यापेक्षा सोसायटी कोणाची, सरपंचाची की गावकुसाबाहेरच्यांची, यावरच सगळे अडते. शेवटी साहेबाची बदली होते. आम्हा नोकरदारांना हा भाग टोचतो, पण तो खरा आहे. साहेब बदलून जातो आणि सोसायटीची चावी कोणाकडे राहते, ते बघावे. आपल्याकडे किती सोसायट्यांच्या नुसत्या पाट्या उरल्या आहेत ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आता एका अवघड चित्रपटाविषयी. सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९ सालचा आहे, गोष्ट विदर्भातल्या कापूस उत्पादकाची. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका या बाईला आपल्या नवऱ्याची धास्ती वाटू लागते. ती त्याला एकटा सोडत नाही, पोराला त्याच्या मागे धाडते, घरात गोडधोड करते. सोनाली कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांनी हे जोडपे उभे केले आहे. मधूनमधून हसूही येते, आणि हसताना घशात काही अडकते. दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' हा माहितीपटही त्याच वर्षीचा. पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर कॅमेरा अशा घरांत जातो. माणूस गेल्यावर मागे राहिलेली बाई सावकाराला, बँकेला आणि तहसीलला कसे तोंड देते हे त्यात दिसते.

ज्या घरात असे काही घडले आहे, त्यांनी हे दोन्ही एकट्याने, रात्री पाहू नयेत. लहान मुलांना तर नकोच. इतरांनी जरूर पाहावेत, आणि पाहताना अलकाकडे लक्ष द्यावे. ती सगळे करते, पण नवऱ्याला सरळ विचारत नाही. आपल्या घरांतही असेच असते. कर्ज किती, कोणाचे, हे बायकोला माहीत नसते. विचारले तर तो चिडेल किंवा त्याच्या मनात नको ते येईल, असे वाटून सारे गप्प राहतात. विचारल्याने नको ते मनात येत नाही. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. घरचा माणूस जेवेनासा झाला, झोपेनासा झाला, देणी-घेणी एकाएकी आवरू लागला, तर त्याच्याजवळ बसून स्पष्ट विचारा. त्याला एकटे सोडू नका, आणि फवारणीचे औषध कुलपात ठेवा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक औषधाच्या कपाटावर खडूने लिहून ठेवावा.

मुलांसाठी 'नाळ २' चांगला आहे. तो २०२३ चा, आणि त्यातल्या तिन्ही बालकलाकारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुले मुलांसारखी बोलतात, एवढ्यासाठीही तो पाहावा. 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा छोटा माहितीपट पाऊण तासाच्या आत संपतो. तमिळनाडूच्या मुदुमलाई जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपे रघू नावाचे हत्तीचे पोरके पिलू वाढवते. २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. गाय व्याल्यावर मेली आणि वासरू बाटलीने जगवले असे ज्या घरात झाले आहे, तिथे भाषेची अडचण येणार नाही. याच जातीचा आपला मराठी 'टिंग्या' आहे, २००८ चा. जायबंदी बैल विकायचा की ठेवायचा, एवढाच प्रश्न. बाप निष्ठुर नाही, त्याच्यापुढे पेरणी उभी आहे. पोर ऐकत नाही. आमच्या घरी दोन्ही बाजूंनी बोलणारे निघाले आणि वाद झोपेपर्यंत चालला.

एक विनंती. पाहायचेच असेल तर एका पडद्यावर, सगळ्यांनी बसून पाहा. कानात ते बोंडूक घालून चौघांनी चार चित्रपट पाहिले तर घरात बोलायला काही उरत नाही. आणि आजीला समोरची जागा द्या, तिला कमी दिसते.